टँकरने आलेलं सल्फेट: बेळगावजवळच्या एका लिथियम बॅटरी युनिटचं प्रकरण

बेळगाव-खानापूर पट्ट्यातल्या एका छोट्या युनिटचं हे प्रकरण आहे. तिथे बाद लिथियम बॅटऱ्यांच्या पुडीतून निकेल, कोबाल्ट आणि लिथियम काढतात. ओळख पटू नये म्हणून गाव, साल आणि माणसांची नावं दिलेली नाहीत आणि युनिटचे आकडे गोल केले आहेत. रसायनाचे हिशेब मात्र कुणीही कागदावर ताडून पाहावेत असे ठेवले आहेत. या प्रकरणाची सगळी गोम त्या हिशेबातच आहे.

पार्श्वभूमी

लिथियमच्या धंद्यात गंधक सगळीकडे आहे, फक्त ते दिसत नाही. स्पोड्युमिन हा लिथियमचा खडक आधी १,०५० अंशांच्या आसपास भाजतात, मग सल्फ्युरिक ऍसिड घालून २५० अंशांना पुन्हा भाजतात. त्यातून लिथियम सल्फेट मिळतं. सोडा ऍश (सोडियम कार्बोनेट) घालून त्याचं कार्बोनेट केलं की एक टन लिथियम कार्बोनेटमागे जवळजवळ १.९ टन सोडियम सल्फेट उरतं. बॅटरीच्या कॅथोडसाठी, म्हणजे धन ध्रुवाच्या पुडीसाठी, निकेल सल्फेटपासून हायड्रॉक्साइड करतानाही टनामागे दीड टन सोडियम सल्फेट येतं. आपल्याकडे अजून लिथियमची खाण चालत नाही. मंड्या जिल्ह्यातल्या मर्लगल्ला भागात १,६०० टनांचा साठा जाहीर झाला आहे, तोही जमिनीतच आहे. त्यामुळे आपल्या भागात हा प्रश्न खाणीतून न येता बाद बॅटऱ्यांच्या वाटेने आला.

युनिटचे मालक फाउंड्रीच्या धंद्यातले. उद्यमबाग आणि मच्छे भागात वाळू, स्लॅग, भट्टी यांतलं कळणारी माणसं घरोघरी सापडतील, पण मिठाच्या पाण्याचा अनुभव कुणाच्या गाठीला नव्हता. बाहेर फोडलेल्या बॅटऱ्यांची काळी पूड, बाजारात जिला ब्लॅक मास म्हणतात, ती पोत्यांतून यायची. एका बॅचला ५०० किलो पूड आणि ५,००० लिटर द्रावण असं प्रमाण होतं. सल्फ्युरिक ऍसिडची ताकद २ मोलर (लिटरला १९६ ग्रॅम), तापमान ७० ते ८० अंश, सोबत हायड्रोजन पेरॉक्साइड, वेळ तीन तास. ग्राफाइट गाळून बाजूला काढायचं. पीएच ५ च्या आसपास आणून ॲल्युमिनियम, लोखंड आणि तांबं खाली बसवायचं. मग कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइड) घालून निकेल, कोबाल्ट, मँगनीज यांच्या हायड्रॉक्साइडचा साका काढायचा आणि उरलेल्या पाण्यात सोडा ऍश घालून लिथियम कार्बोनेट मिळवायचं. आठवड्याला दोन बॅच निघत.

सांडपाण्याची यंत्रणा एका सल्लागाराच्या आराखड्यावर उभी राहिली. त्यात चुन्याची टाकी, तिच्यापुढे आरओ (दाबाने पडद्यांतून गोडं पाणी गाळणारं यंत्र) आणि आरओचं उरलेलं पाणी उन्हात आटवायला ४०० चौरस मीटरचं, २ मीटर खोल, प्लास्टिक अस्तराचं तळं होतं. आराखड्यात सांडपाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेले एकूण क्षार, लिटरला १५ ग्रॅम धरला होता. हा आकडा कुठून आला, ते नंतर कुणालाच सांगता आलं नाही. मंजुरी 'बाहेर एक थेंब नाही' या अटीवर मिळाली होती.

अडचण कशी दिसू लागली

पहिली खूण आरओवर दिसली. दाब वाढत गेला आणि पलीकडून पाणी येईना. पडदे बदलून पाहिले, तेही तसेच. शेवटी सगळं पाणी थेट तळ्यात जाऊ लागलं. तो उन्हाळा होता, तळं रिकामं होतं, त्यामुळे कुणाला घाई वाटली नाही.

दुसरी खूण चुन्याच्या टाकीवर. पाण्याच्या रेषेलगत काँक्रीटवर पांढरी बुरशीसारखी फुलं आली. बोटाने खरवडलं की सिमेंट पिठासारखं हातात यायचं आणि खालची खडी उघडी पडायची. पाण्यातलं सल्फेट सिमेंटमधल्या ॲल्युमिनेटला धरून फुगणारे स्फटिक तयार करतं आणि काँक्रीट आतून फुटतं. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात लिटरला ५ ग्रॅमच्या वर सल्फेट असेल तर सल्फेटरोधक सिमेंट आणि वरून संरक्षक लेप सांगितला आहे. इथे साधं सिमेंट, लेप नाही आणि पाणी त्या मर्यादेच्या कितीतरी पट कडक.

तिसरी खूण वासाची. फरशी धुतलेलं पाणी एका झाकलेल्या खड्ड्यात जमा व्हायचं. पावसाळ्यात शेजारच्या शौचालयाच्या शोषखड्ड्याचं पाणी त्यात झिरपलं. सल्फेट आणि मैला एकत्र आले आणि हवा कोंडली की सल्फेट खाणारे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड सोडतात. नासक्या अंड्याचा वास येऊ लागला. एका हेल्परने झाकण उघडलं आणि त्याला गरगरलं. सुदैवाने तो मागे सरला. दुसऱ्या दिवशी उसना मीटर आणून झाकणाखाली धरला तर ६० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ६० भाग. आठ तासांच्या कामाची मर्यादा १० पीपीएम आहे. इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी: १०० पीपीएमच्या पुढे नाक बधिर होतं आणि वास येणं बंद होतं. 'वास गेला, आता उतरा' असं म्हणून माणसं खड्ड्यात उतरतात आणि परत वर येत नाहीत.

चौथी खूण गावातून आली. ऑगस्टमध्ये तळ्याचं पाणी काठाच्या वीतभर खाली पोचलं होतं. तळ्यापासून दीडेकशे मीटर उतारावर एका शेतकऱ्याची विहीर. तो फाटकाशी येऊन सुपरवायझरला म्हणाला, "साहेब, विहिरीचं पाणी मचूळ झालंय. म्हशी तोंड लावंनात, आणि रेडकाला हगवण लागलीया." सुपरवायझरने "मामा, पावसाचं गढूळ असेल" म्हणून परत पाठवलं. पाच दिवसांनी मामा दोन बाटल्यांत पाणी भरून पुन्हा आले. तेव्हा कुठे तपासणी झाली. सल्फेट लिटरला ६२० मिलिग्रॅम निघालं. आयएस १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्यात २०० चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर ४००. सल्फेट जुलाब लावतं, आणि आधी वासरा-रेडकांना.

ते पाच दिवस युनिटला फार महागात पडले. पाण्याची चूक लोक एखाद वेळी समजून घेतात. हाकलून दिलेलं ते विसरत नाहीत.

मुळात चुकलं कुठे

युनिट थांबवल्यावर पहिल्यांदा कुणीतरी सल्फेटचा जमाखर्च मांडला. तो एका पानात मावतो.

५,००० लिटर २ मोलर द्रावणात ९८० किलो सल्फ्युरिक ऍसिड असतं. त्यातलं सल्फेट ९६० किलो. ऍसिडने आपलं काम केलं, धातू विरघळले, पुन्हा हायड्रॉक्साइड होऊन खाली बसले, पण सल्फेट कुठेच गेलं नाही. कॉस्टिकचं सोडियम धरून ते पाण्यातच राहिलं. ९८० किलो ऍसिडचं १,४२० किलो सोडियम सल्फेट होतं. म्हणजे ५०० किलो पुडीमागे जवळजवळ दीड टन मीठ. धुण्याचं पाणी धरून एका बॅचचं सांडपाणी ११ घनमीटर, म्हणजे लिटरला १२९ ग्रॅम मीठ. आराखड्यात १५ ग्रॅम धरले होते. एवढ्या खाऱ्या पाण्यातून आरओला गोडं पाणी ओढता येत नाही. पडद्यांचा त्यात दोष नव्हता.

चुन्याचीही तीच गत. चुना ऍसिडवर चालतो: ऍसिडमधलं सल्फेट धरून जिप्सम बनवतो आणि ते खाली बसतं. पण इथे पाणी चुन्याच्या टाकीत येईपर्यंत ऍसिड आधीच कॉस्टिकने मारलेलं असायचं. सोडियम सल्फेटच्या पाण्यात चुना टाकला की पीएच चढतो आणि थोडासा गाळ बसतो, बाकी काही नाही. शिवाय जिप्सम स्वतः लिटरला सुमारे अडीच ग्रॅम विरघळतं, म्हणून साध्या चुन्याने सल्फेट १,४००-१,५०० मिलिग्रॅमच्या खाली नेता येत नाही, कितीही पोती ओतली तरी. सहा महिने पोत्यांमागून पोती ओतली गेली.

तळ्याचं गणित तर पंचांग पाहूनही सुटलं असतं. बेळगावला वर्षाला हजार-बाराशे मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, खानापूरकडे त्याहून जास्त. ४०० चौरस मीटरच्या उघड्या तळ्यात पावसाचंच पाणी ४८० घनमीटर. तळं ८०० घनमीटरचं. वर आठवड्याला २२ घनमीटर सांडपाणी चालूच. त्यात खाली जांभा. जांभ्याच्या छिद्रांतून पाणी कसं धावतं हे इथल्या कुठल्याही विहीर खोदणाऱ्याला विचारावं. अस्तराचा एक जोड सुटलेला निघाला.

आणि शेवटची गोष्ट, जी मालकांना सगळ्यांत जास्त लागली. पुडीतलं लिथियम बॅचमागे २० किलोच्या आसपास. ११ घनमीटर पाण्यात ते लिटरला जेमतेम १.८ ग्रॅम पडतं. लिथियम कार्बोनेट उकळत्या पाण्यातसुद्धा लिटरला ७ ग्रॅमच्या आसपास विरघळतं, म्हणजे लिटरला १.३ ते १.४ ग्रॅम लिथियम पाण्यातच राहणार, खाऱ्या पाण्यात त्याहूनही जास्त. एवढ्या पातळ पाण्यात सोडा ऍश घालून हाती काय लागणार? ज्याच्यासाठी युनिट काढलं ते लिथियम बहुतेक तळ्यात गेलं होतं.

समोरचे पर्याय

सांडपाणी टँकरने धोकादायक कचऱ्याच्या केंद्रावर पाठवणं हा पहिला विचार. तो तळं रिकामं करण्यापुरता मान्य झाला. आठवड्याला २२ टन पाणी बेंगळुरूच्या दिशेला पाठवून कुठलंच युनिट टिकत नाही.

चुना आधीच, म्हणजे ऍसिड शिल्लक असतानाच घालावा, हा दुसरा. कागदावर हे चांगलं दिसतं. ५०० किलो मोकळं ऍसिड चुनखडीने मारलं तर सुकं जिप्सम ८८० किलो, आणि फिल्टरवरून येणारी ओली वडी दीड टनाच्या आसपास. पण त्या ओलीत निकेल-कोबाल्टचं द्रावण अडकतं. माल जातो आणि वडी धोकादायक ठरते. मिठाऐवजी चिखल सांभाळत बसायचं. नाकारला.

इथेच एक मोह समोर आला. अथणी-रायबाग भागात कृष्णाकाठच्या उसाच्या जमिनी चोपण झाल्या आहेत आणि त्या सुधारायला शेतकरी जिप्सम विकत घेतात. चुन्याच्या टाकीचा गाळ पाहून एका खतविक्रेत्याने मागणी केली: "जिप्समच आहे की, मी उचलतो, वर पैसेही देतो." मालकांचं मन वळलं होतं. रसायन पाहणाऱ्याने गाळाची तपासणी होईपर्यंत ट्रॉली फाटकात अडवली. गाळात निकेल, कोबाल्ट आणि भरपूर फ्लोराइड निघालं. बॅटरीच्या इलेक्ट्रोलाइटमधलं मीठ पाण्याशी आलं की त्यातून फ्लोराइड सुटतं आणि चुन्यात जाऊन बसतं. ती ट्रॉली गेली असती तर ते निकेल कुणाच्या तरी शेतात कायमचं राहिलं असतं. या सगळ्या प्रकरणातला सर्वांत नीट घेतलेला निर्णय हाच, असं आमचं मत आहे.

कॉस्टिकऐवजी अमोनिया वापरून अमोनियम सल्फेटचं खत करावं, ही सूचनाही ऊसपट्ट्यात साहजिक होती. पण अमोनिया निकेल आणि कोबाल्टला धरून पाण्यातच ठेवतो. साका पुरता बसत नाही आणि धातू खतात उतरतात. नाकारली. वीज लावून पडद्यांमधून सोडियम सल्फेटचं पुन्हा ऍसिड आणि कॉस्टिक करता येतं, पण त्या पडद्यांना कॅल्शियम-मॅग्नेशियम जवळजवळ शून्य असलेलं पाणी लागतं, आणि ५०० किलोच्या बॅचला तो पसारा झेपत नाही.

थंड करून मीठ काढणं जास्त गंभीरपणे पाहिलं गेलं. सोडियम सल्फेटची विद्राव्यता ३२.४ अंशांच्या खाली झपाट्याने पडते: २० अंशांना १०० ग्रॅम पाण्यात सुमारे १९ ग्रॅम, शून्याला ५ च्याही खाली. पण १३० ग्रॅमचं पाणी ५ अंशांपर्यंत गार केलं तर निम्म्याहून थोडंच जास्त मीठ बाहेर येतं, तेही दहा रेणू पाणी धरून, ओलंगिच्च.

उरले दोन. एक, पाणी वाफेवर आटवून कोरडं मीठ काढायचं. दोन, रसायनाचं काम बंद करून काळी पूड मोठ्या कारखान्याला विकायची. दुसऱ्या पर्यायात जोखीम सगळ्यांत कमी होती, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा मुळीच नव्हता. कर्ज आणि कामगार पाहून मालकांनी पहिला धरला, पण एक अट मान्य करून: आटवायचं यंत्र घेण्याआधी मीठच कमी करायचं.

काय केलं

पहिल्या तीन आठवड्यांत उत्पादन बंद. तळं रिकामं करून मोडलं. शौचालयाची लाइन वेगळी केली. फरशीच्या पाण्याचा खड्डा उघडा, हवेशीर आणि लेप दिलेला केला. दोन गॅस मीटर घेतले, १० पीपीएमला भोंगा. निकेलचा शेवटचा अंश काढायला सोडियम सल्फाइड वापरायची सूचना होती. ती सोडून दिली, कारण त्या टाकीत एकदा जरी ऍसिडची लाइन चुकून उघडली तरी तोच वायू, आणि खड्ड्यापेक्षा कितीतरी जोरात.

मग ऍसिड. प्रत्येक पोत्याच्या लॉटमधलं कॅथोड, ॲल्युमिनियम आणि तांबं मोजायला सुरुवात झाली. पुडीत कॅथोड ५५ टक्के धरलं तर ५०० किलोत २७५ किलो. त्याच्या प्रत्येक मोलला दीड मोल ऍसिड, म्हणजे ४२० किलो. ॲल्युमिनियम आणि तांब्याचे मिळून ५५. एकूण गरज ४७५ किलो, आणि घातलं जात होतं ९८०. निम्म्याहून जास्त ऍसिड काहीही न विरघळवता फक्त कॉस्टिक खात होतं. असं का चाललं होतं? बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ मध्ये धातूंच्या वसुलीची किमान टक्केवारी वर्षागणिक वाढत जाते. ती हुकू नये म्हणून ऑपरेटर हात सैल सोडत होता. भीती खरी होती, उपाय चुकीचा.

नुसतं ऍसिड कमी केल्यावर पहिल्या चार बॅचमध्ये कोबाल्टची वसुली पडली. म्हणून काम दोन टप्प्यांत केलं. नव्या पुडीवर आधी मागच्या बॅचचं अर्धवट वापरलेलं ऍसिड. त्यातलं मोकळं ऍसिड पुडी खाऊन टाकते आणि द्रावण पीएच १.५ ते २ ला बाहेर पडतं. उरलेल्या पुडीवर ताजं ऍसिड आणि पेरॉक्साइड. पुडीत ॲल्युमिनियमचे तुकडे असतात आणि ते ऍसिडमध्ये हायड्रोजन सोडतात, म्हणून पुडी हळूहळू, ढवळणं चालू ठेवून आणि पंखा लावूनच घालायची. पेरॉक्साइड एकदम ओतलं तर फेस टाकीबाहेर येतो.

मोकळं ऍसिड मोजताना एक फसगत झाली, ती सांगायला हवी. साध्या कॉस्टिकने टायट्रेशन केलं, म्हणजे थेंब थेंब कॉस्टिक घालून ऍसिड मोजलं, की विरघळलेले धातूही कॉस्टिक खातात आणि आकडा फुगून येतो. पोटॅशियम ऑक्झलेट घालून धातू बांधून घेतल्यावरच खरं ऍसिड कळलं. दोन महिन्यांनी बॅचमागे ऍसिड ५९० किलोवर स्थिरावलं, गरजेच्या पाव पट जास्त. धुण्याचं पाणीही उलट दिशेने वापरायला घेतलं, सर्वांत स्वच्छ पाणी शेवटच्या धुण्याला. बॅचचं पाणी ११ वरून ६.५ घनमीटरवर आलं.

त्यानंतर तीन टप्प्यांची एमईई (एका टप्प्याची वाफ पुढच्या टप्प्यात वापरून पाणी आटवणारी यंत्रणा) बसवली आणि क्रम बदलला. आता लिथियम आधी काढत नाहीत. आधी पाणी आटवून सोडियम सल्फेटचे स्फटिक काढतात, लिथियम मागच्या द्रावणात दाट होत जातं. ते लिटरला ८ ते १० ग्रॅम झालं की थोडं द्रावण बाजूला घेऊन ९० ते ९५ अंशांना सोडा ऍश घालतात. याहून दाट करत नाहीत, कारण पुढे लिथियम आणि सोडियमचं जोडमीठ बसण्याचा धोका आणि लिथियम मिठात जातं. ही मर्यादा या युनिटची आहे, दुसरीकडे ती आधी प्रयोगशाळेत तपासावी. कार्बोनेट गाळल्यावरचं पाणी परत एमईईला पाठवण्याआधी थोडं ऍसिड घालून पीएच ६ च्या आसपास आणतात आणि कार्बन डायऑक्साइड उडवून देतात. तसं केलं नाही तर लिथियम कार्बोनेट गरम नळ्यांवर चुन्यासारखं चिकटतं, कारण ते गरम पाण्यात कमी विरघळतं. सोडियम सल्फेटही ३२.४ अंशांच्या वर तसंच वागतं, म्हणून पंपाने जोराने फिरवणारी पद्धतच लागते. फ्लोराइड एमईईच्या आधी कॅल्शियम आणि मग ॲल्युमिनियमच्या मिठाने काढतात. ते राहिलं तर धातूच्या नळ्या खातं.

पहिल्या हिवाळ्यात एक प्रकार घडला. जानेवारीत पहाटे बेळगावची थंडी चांगलीच बोचते. रात्रपाळीला वीज गेली, स्फटिकांचा राबडा सेंट्रिफ्यूजच्या (गरगर फिरवून पाणी काढणाऱ्या यंत्राच्या) नळीत उभा राहिला आणि ३२ अंशांच्या खाली उतरला. कोरड्या मिठाने भोवतालचं पाणी ओढून घेतलं आणि नळीत बर्फासारखा पारदर्शक, दगडासारखा कडक ठोकळा तयार झाला. दोन दिवस वाफ सोडून नळी मोकळी करावी लागली. आता त्या नळीला गरम पाण्याचं आवरण आहे, आणि वीज गेली की राबडा आपोआप टाकीत परत उतरेल असा उतार दिला आहे.

निकाल

बॅचमागचं मीठ १,४२० किलोवरून सुमारे ८७० किलोवर आलं. आटवायचं पाणी जवळजवळ निम्मं झाल्याने बगॅसच्या ब्रिकेटवरचा बॉयलर लहान पुरला. कॉस्टिकची बचत वेगळी. लिथियम आता पिंपात येतं.

मिठाचे पहिले तीन लॉट मात्र नापास झाले. ओल्या मिठावर फिकट गुलाबी झाक होती: कोबाल्ट. साका बसवताना ऑपरेटर पीएच ८ ला थांबत होता. ८ ला कोबाल्टचा बराच अंश पाण्यात राहतो, साडेनऊला नगण्य, आणि मँगनीजला तर १० च्या पुढे जावं लागतं. पीएच १०.२ ठरवला आणि मीटरचा प्रोब दर पाळीला तपासायला घेतला. त्यानंतर मीठ पांढरं.

विकायचं कुणाला, हाही एक निर्णय होता. इचलकरंजी जवळ आहे आणि तिथल्या कापड रंगवणाऱ्यांना हे मीठ लागतं. पण रंगाच्या हौदातून ते पुढे पाण्यातच जाणार, आणि पंचगंगेची अवस्था सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्या विहिरीवरचा भार सीमेपलीकडच्या नदीवर ढकलायचा नाही, असं ठरवून डिटर्जंट पावडर करणारा घेणारा शोधला. हा उपाय पूर्ण नाही, कारण कपडे धुतलेलं पाणीही कुठेतरी जातंच. पण त्यात एका नदीकाठावर सगळं मीठ एकवटत नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून हा उपउत्पादनाचा दर्जा लेखी मिळेपर्यंत सगळं मीठ धोकादायक कचरा म्हणूनच छपराखाली ठेवलं, ९० दिवसांची मुदत पाळून.

विहिरीचं सल्फेट तळं मोडल्यानंतरच्या पावसाळ्याअखेर ४१० वर आलं, त्याच्या पुढच्या वर्षी २९०. मधल्या काळात युनिटने त्या घराला आणि गोठ्याला टँकरने पाणी दिलं.

पुन्हा करायचं झालं तर

सर्वांत मोठी उणीव विहिरीबद्दलचीच. युनिट सुरू होण्याआधी भोवतालच्या विहिरींचं पाणी कुणी तपासलंच नव्हतं. त्यामुळे ६२० मधले किती आपले आणि किती जमिनीचे, हे शेवटपर्यंत ठरलं नाही. मालकांना आपली बाजू मांडता आली नाही आणि मामांनाही आपलं नुकसान पुरेपूर सिद्ध करता आलं नाही. काम सुरू होण्याआधी उतारावरच्या चार-पाच विहिरी, उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा, सल्फेट, सोडियम, निकेल, फ्लोराइड आणि लिथियमसाठी तपासायला हव्या होत्या. लिथियम त्यात आवर्जून हवं, कारण इथल्या विहिरीत ते भरपूर सापडलं तर ते खतातून किंवा शोषखड्ड्यातून आलेलं नसतं.

दुसरं, सल्लागाराचा आराखडा घेताना टीडीएसचा आकडा न विचारता ऍसिडचं खरेदी रजिस्टर समोर ठेवायला हवं होतं. टँकरने महिन्याला जेवढं ऍसिड येतं त्याची दीडपट, म्हणजे नेमकी १.४५ पट, मीठ महिन्याला कुठल्यातरी दाराने बाहेर जायला हवं. ते दार दाखवता येत नसेल तर यंत्रणा अपुरी आहे. हा हिशेब करायला रसायनशास्त्राची पदवी लागत नाही.

तिसरं, जांभ्यावर आणि एवढ्या पावसात उघडं तळं नकोच. तात्पुरतं साठवायचंच असेल तर जमिनीवरच्या, लेप दिलेल्या, भोवती बांध असलेल्या टाक्या, छपराखाली.

चौथी गोष्ट कागदांची. तपासणीचे निकाल इंग्रजीत, पंचायतीतली टिपणं कन्नडमध्ये, आणि विहीर ज्यांची ती माणसं मराठी वाचणारी. पहिल्या बैठकीत निम्मा वेळ 'यात लिहिलंय काय' यातच गेला. नंतर युनिटने विहिरीचं सल्फेट, पीएच आणि निकेल हे तीन आकडे दर महिन्याला मराठीत आणि कन्नडमध्ये, शेजारी पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिहून, गावच्या फलकावर लावायला सुरुवात केली. हे पहिल्या महिन्यापासून व्हायला हवं होतं. त्याला लागतो एक कागद आणि चार टाचण्या.

पाचवं अजून सुटलेलं नाही. आता येणाऱ्या पुडीत लोह-फॉस्फेटच्या बॅटऱ्यांचा वाटा वाढतो आहे. त्यांतलं लिथियम काढायला पेरॉक्साइडसोबत किलोला ०.३ किलोच्या आसपास ऍसिड पुरतं, निकेल-कोबाल्टच्या कॅथोडला दीड किलो लागतं. दोन्ही पुडी एकत्र आल्या तर जास्तीचं ऍसिड लोखंड विरघळवतं आणि मीठही वाढतं. म्हणून पोती फाटकावरच वेगळी करून दुसरी, लहान टाकी चालवायची, असा प्रस्ताव आहे. पुरवठादार मात्र अजून मिसळलेलीच पूड पाठवतात, आणि प्रत्येक लॉटचं लोखंड मोजल्याशिवाय पोतं फोडायचं नाही एवढाच नियम सध्या लागू आहे.